बोडीतला जीव आणि जोडलेला मांत्रिक

सुखदेवजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी नुकताच मेलो होतो. साकोलीकडच्या एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, आमचे नाटक होते आणि मी खलनायक. माझ्या मरणाला वन्स मोअर आला, तसा मी उठलो, धूळ झटकली आणि पुन्हा मेलो. झाडीपट्टीत ही रीतच आहे. खेळ संपल्यावर सुखदेवजी पडद्यामागे आले. "भाऊ, मरता तं तुमाले झकास येते. पन आमच्या सिनेमात एक डावच मरा लागते. जमते का?"

जमते म्हणालो आणि कुठले जमायला! एकोडीजवळच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, पहिले चित्रण चालू असताना पाळीवर, तळ्याच्या बांधावर, जमलेली मंडळी वन्स मोअर ओरडली आणि मी सवयीने चिखलातून उठून पुन्हा मेलो. भाड्याने आणलेला कॅमेरा चालूच. सुखदेवजी कडाडले, "काहून उठला बे? रीळ का वावराच्या धुऱ्यावर उगवते?" तेव्हापासून मी त्यांचा 'तू' झालो. तणीस म्हणजे भाताचा पेंढा, गोणपाट आणि ढिवरांचे जुने जाळे यांचा माझा राक्षसाचा पोशाख हातांसकट शिवून टाकलेला असे. त्यामुळे भर थंडीत चहाची बशी माझ्या तोंडाला लावायचे कामही त्यांनीच केले. हायस्कूलात विज्ञान शिकवणारे मास्तर चिखलात बसून एका राक्षसाला फुंकून फुंकून चहा पाजत होते.

आता मुद्द्यावर येतो. गौरवसमितीने मला बजावले आहे, की सुखदेवजींच्या साठीनिमित्त त्यांच्या वाचनालयावर लिहा, शाळेवर लिहा, 'ते भुताखेतांचे सिनेमे' मात्र नकोत, प्रसंगाला शोभत नाहीत. वा रे वा! भुताखेतांचे? सुखदेवजींच्या बोडीकाठ चित्रसंस्थेच्या तिन्ही चित्रपटांत एक तरी भूत दाखवा, मी हा लेख मागे घेतो.

बोडीवरच्या त्या सिनेमाची गोष्ट सरळ होती. आभाळातून काहीतरी बोडीत पडते, त्यातला जीव गुरे ओढतो, मग माणसे ओढतो. गाव अंगारे-धुपारे करत बसते. शेवटी एक मास्तर पाळ फोडतो, पाणी वाहून जाते आणि पाण्यावाचून तो जीव उन्हात सुकून मरतो. बस्स! सुखदेवजींच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच त्यांच्या घरातून देवदेवस्की गेली होती. पोरांनी भ्यावे, पण भिऊन विचार करावा, असे ते म्हणत. पडद्यावर मांत्रिक जिंकलेला त्यांना चालणार नव्हता.

आणि शहरातल्या वितरकाने नेमके तेच केले. न विचारता, न सांगता! पाळ फोडण्याचा शेवट कापला आणि भलतीकडे चित्रित केलेला मांत्रिक जोडला. तो मांत्रिक बोट दाखवतो, "हिनेच जीव बोलावला," आणि पडद्यावर येतो आमच्या गावच्या कौसल्याबाईंचा चेहरा. त्या बिचाऱ्या सिनेमात बोडीवर भांडी घासणारी बाई झाल्या होत्या, एवढेच. वर संस्थेचे नाव आमचेच! सिनेमा तंबूतंबूतून फिरला आणि इकडे बायकांनी कौसल्याबाईंना विहिरीवर येऊ देणे बंद केले. पोरे त्यांना पाहून पळू लागली. लिहिताना आजही माझे डोके भणाणते.

सुखदेवजी वितरकाकडे जाऊन आले, तर त्याने हसून सांगितले, "मास्तर, पब्लिकला हेच पाहिजे." लाखांदूरच्या मंडईत तोच सिनेमा लागला, तेव्हा ते कौसल्याबाईंना आणि मला घेऊन एसटीने गेले. पोशाख टपावर. मांत्रिक पडद्यावर आला आणि सुखदेवजी उठून पुढे गेले. "बंद करा! हे आमचं नोहे!" लोक खवळले, कोणी चप्पल फेकली. ती त्यांच्या खांद्याला लागली, पण ते हलले नाहीत. "खरा शेवट पाहाचा आहे का?" त्यांनी विचारले. तंबूवाल्याने घाबरून यंत्र थांबवले. मग पांढऱ्या पडद्यापुढे त्यांनी पाळ फोडली आणि मी सुकत सुकत मेलो. ते कौसल्याबाईंचा हात धरून म्हणाले, "हे आमची बाई. सिनेमात भांडे घासे. हिच्यात जादू राह्यती तं पह्यले त्या वितरकाचा बंदोबस्त करती." तंबू हसला. आणि बायकांच्या बाजूने आवाज आला, "वन्स मोअर!" मी पडल्या पडल्या सुखदेवजींकडे पाहिले. ते म्हणाले, "मर बापू, आनखी एक डाव मर."

त्यानंतर विहीर मोकळी व्हायला वेळ लागला, पण झाली. मूळ शेवटाची रिळे मात्र वितरकाने परत दिली नाहीत.

आणि आता ऐकतो, की सत्काराच्या संध्याकाळी करमणूक म्हणून समिती सिनेमा दाखवणार आहे. मिळाला तो मांत्रिकवालाच! कौसल्याबाई पहिल्या रांगेत बसणार आहेत, एवढेही कोणाला सुचू नये? समितीने खुशाल माझ्यावर रागवावे. मांत्रिक पडद्यावर आला की यंत्र मी बंद करीन. पोट सुटले आहे, तरी नवी तणीस शिवून ठेवली आहे.

सुखदेवजींना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांत बळ राहो, कारण पाळ त्यांनाच फोडायची आहे. मी एकदाच मरेन, शब्द देतो. पण कौसल्याबाई वन्स मोअर म्हणाल्या, तर माझा नाइलाज आहे.