सौंसरच्या अपर्णाची स्पॅनिश गाणी

माह्या भावाची पोरगी अपर्णा सौंसरात बसून स्पॅनिश गाणी गाये, अन् ती ऐकाले मेक्सिको-पेरूचे लोक वाट पाहत, असं सांगितलं तं तुम्ही मलेच वेडी म्हणाल. म्हणा बाप्पा! मी विजया, तिची आत्या. एकाच अंगणात राहतो आम्ही. जे पाहिलं तेच सांगून राहिली.

लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद, तं पोट्टी मोबाईलवर ती भाषा शिकली. घरात भजनाची पेटी होती. त्या पेटीवर तिकडची प्रेमाची गाणी! मी म्हटलं, देवाच्या पेटीले तरी सोड. पण आवाज असा का माहा राग काही टिके ना. गजानन, माहा भाऊ, मास्तर माणूस. तो म्हणे, चॅनलवर गाणं टाक, पण चेहरा नको. उद्या लग्न जुळवाचं आहे. म्हणून व्हिडिओत नुसती पेटी अन् तिची बोटं दिसत. खाली नाव, अपर्णा. तिकडच्या लोकाईले ती तेवढीच माहीत.

चार वर्षं गायली. पुढं पुढं स्वतःच गाणी रचाले लागली. लाखाच्या वर ऐकणारे झाले, अन् तिकडच्या एका गाण्याच्या कंपनीनं तिचं गाणं बाजारात आणाचं कबूल केलं. पोरीले दुसरं काहीच नको होतं, ना साडी ना सोनं.

मग पांढुर्ण्याचं स्थळ आलं. चेतन, कापडाचं दुकान, पोरगा खरंच गुणाचा. अपर्णानं पहिल्याच भेटीत सांगितलं का गाणं सोडणार नाही. तो म्हणे, सोडाचं काऊन? इतका विश्वास बसला का लग्नातल्या मेंदीच्या हाताचे फोटो टाकाले म्हणून तिनं चॅनलचा पासवर्डही त्याले देऊन टाकला.

लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहितात ना, तसं त्यानं अंगठीनं लिहिलं, प्राजक्ता. मग माईक घेतला अन् सांगितलं का चॅनलवरही नवं नाव लावलं आहे, जुन्या नावाची सारी गाणी काढून टाकली, आता नव्यानं सुरुवात.

“दुकानाचं नाव बदललं का जुना बोर्ड कोणी ठेवते का?” हसत म्हणे.

मांडवात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मले काय कळते? अपर्णाच्या डोळ्याले धार लागली. बाया म्हणे, नवरी आहे, रडनच.

दुसऱ्या दिवशी तिनं समजावून सांगितलं तवा पोराचं तोंड उतरलं. नागपूरले मोबाईलवाल्याकडे गेला, गाणी परत द्या म्हणून जिथं तिथं लिहिलं, जामसांवलीच्या मारुतीले नवस बोलला. मारुतीराया डोंगर उचलून आणन, पण पुसलेलं गाणं कुठून आणन? मोबाईलात जागा नाही म्हणून अपर्णानं तिच्याजवळची गाणी कधीचीच काढून टाकली होती. मले तं चेतनले चांगल्या दोन शिव्या हासडाच्या होत्या. पण तो माह्याच समोर बसून रडाले लागला. ज्याच्यावर राग काढाचा तोच रडून राहिला, तं माणसानं काय करावं?

तिनं जुनी आठवून पुन्हा गायली, नवीही टाकली. आता बोटात अंगठ्या, हातात हिरवा चुडा, खाली प्राजक्ता. तिकडचे लोक भडकले. चॅनल चोरलं म्हणत, अपर्णाची नक्कल करते म्हणत. चेतननं जुनं नाव परत लावलं, तं पोरगी अजूनच चोर ठरली. मीच ती, असं तिनं किती वेळा लिहिलं. मी म्हटलं, आता तोंड दाखव. तं म्हणे, आत्या, तोंड कोणी पाहिलं आहे माहं? हजारो लोक सोडून गेले. कंपनीवाले म्हणे, हे मिटलं का मग बोलू, अन् नंतर बोललेच नाहीत.

मागच्या आठवड्यात माहेरी आली तं ओसरीत मोबाईल घेऊन बसली होती. पेरूची एक म्हातारी आहे, पहिल्या गाण्यापासून ऐकणारी. तिनं काहीतरी लिहिलं होतं. अपर्णानं मले मराठीत सांगितलं:

“बाई, तुम्ही चांगल्या गाता. पण आमची अपर्णा कुठं भेटली तं तिले सांगा, आम्ही वाट पाहून राहिलो.”

मी म्हटलं, लिही ना का मीच ती म्हणून. तिनं दोन शब्द लिहिले अन् मोबाईल पालथा ठेवला. काय लिहिलं, मी विचारलं.

“सांगीन म्हणून.”