बांधामागची धसकटं

तुमच्या गावावर काढलेला जुना सरकारी सिनेमा तुम्ही कधी आवाज बंद करून पाहिलाय का?

मी पाहिलाय. पेणच्या एका सभागृहात, भर दुपारी, अख्ख्या गावाबरोबर.

आमचं गाव कासूच्या पलीकडे, खाडीला लागून. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून काठानं मातीचा लांबलचक बांध आहे. तो कोणी घातला, या एका प्रश्नावर माझ्या बाबांनी उमर घालवली. ते म्हणायचे, जोळीनं घातला. जोळ म्हणजे घरटी एक माणूस. भात कापून झालं की प्रत्येक घरातलं कुणीतरी बांधावर जायचं आणि चिखलाची ढेकळं हातोहात पुढे सरकायची. मजुरी नाही, मुकादम नाही. बाबा हे पत्रकांत लिहायचे आणि रोह्याला छापून आणायचे. त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. छपाईच्या शाईचा वास आला की मला अजून भांडावंसं वाटतं.

सरकारनं बांधाची डागडुजी केली आणि त्यावर दगडी फलक बसवायचं ठरलं. मजकूर असा, की इथे पूर्वी काहीच पिकत नव्हतं, शासनाने बांध घातला आणि शेती आली. बाबा तडक कचेरीत गेले.

साहेब म्हणाले, "काका, पत्रक म्हणजे पुरावा नव्हे. आमच्याकडे बांध घालतानाची फिल्म आहे. सगळ्या गावाला दाखवतो."

दाखवली. काळीपांढरी फिल्म, वाजंत्री आणि एक भारदस्त आवाज. या उजाड जमिनीवर कधी गवताचं पातंही उगवलं नव्हतं, असं तो आवाज सांगत होता. पडद्यावर बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या होत्या. सगळ्यांची लुगडी कोरी करकरीत.

"चिखलात उतराला नवं लुगडं कोन नेसतं गो?" माझ्या मागून एक काकी म्हणाल्या.

"बांधाचं लगीन हाय ना!" शेजारणीनं जोडलं.

सभागृह हसलं. फाटक्या काठाची एकच टोपली पुन्हा पुन्हा समोरून जात होती, आणि एका फेरीत तर ती चक्क रिकामी होती. साहेबही हसले. बाबा हसले नाहीत. ते खिशातल्या पत्रकावर हात ठेवून बसले होते.

मी त्या आवाजाकडे लक्ष देणं सोडलं. बायकांकडे पाहणंही सोडलं. त्यांच्या मागची जमीन पाहू लागले. बांधाच्या आतल्या अंगाला, त्या उजाड म्हटलेल्या जमिनीत, आखूड आखूड झुपके उभे होते. ओळीनं.

"थांबवा!" मी उठले. "मागे घ्या. आणि आवाज बंद करा."

चित्र थांबलं. मी पुढे जाऊन पडद्यावर बोट टेकवलं. "हे काय आहे?"

काकी ओरडल्या, "धसकटं हायत! भात कापलाय तिथं!"

सगळं सभागृह उभं राहिलं. खाऱ्या जमिनीत भात धरत नाही. आधी बांध लागतो, मग काही पावसाळ्यांनी मीठ धुऊन न्यावं लागतं, तेव्हा कुठे रोप तग धरतं. म्हणजे कॅमेरा आला तेव्हा बांध होता आणि बांधाआड पीकही निघालं होतं. आमच्याच बायकांना कोरी लुगडी नेसवून आमच्याच बांधावरून चालवलं होतं.

"दुसरीकडची जमीन असेल," साहेब पुटपुटले.

बाबा पहिल्यांदाच बोलले. "साहेब, पत्रक माझं व्हतं, तो पुरावा नाय. ही फिल्म तर तुमची हाय ना?"

साहेबांनी फलकाचा मजकूर बदलायचं कबूल केलं. टाळ्या थांबेनात.

आज फलकावर कोरलंय की हा बांध गावानं जोळीनं घातला. तो बसवला त्या दिवशी काकींनी बाबांना चिडवलं, "आता पत्रकं पुरे, सिनेमा काढा!" बाबांनी खिशातलं पत्रक काढून त्यांच्याच हातात दिलं. "आधी हे वाच."

तुमच्या गावाचीही अशी एखादी फिल्म कुठल्यातरी कपाटात पडली असेल. ती मागा. गावातल्या बायकांना पुढच्या रांगेत बसवा, आवाज बंद करा आणि माणसांच्या मागची जमीन पाहा. जे दिसेल ते छापून घरोघर वाटा.