टर्की आडवी करणारं टोक

टर्की हा एक देश आहे, या मतावर मी आजही ठाम आहे. शाळेत असताना नकाशात तो मी स्वतः रंगवला होता. हाच देश अमेरिकेत गेला की त्याची कोंबडी होते, हे मला कोणीही वेळेवर कळवलेलं नाही.

आमची सई तिरंदाजी शिकते. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या संघातली तिची निवड एका गुणाने हुकली. एका! ती रडली आणि विसरली. झोप उडाली माझी. यंदाच्या चाचणीसाठी नेम आणि श्वास तिचे सर बघत होते, पण सामानाकडे कोणीच हिशेबी नजरेने बघत नव्हतं. (आमच्याकडे मिक्सरसुद्धा महिनोन्‌महिने तुलना केल्याशिवाय येत नाही. बायको म्हणते, तोवर चटणीची इच्छाच मरते.)

नियम असा, की बाण दोन वर्तुळांमधल्या रेषेला नुसता टेकला तरी वरचे गुण मिळतात. सईच्या बाणांची टोकं पेन्सिलीसारखी बारीक. ती टेकणार कशी? टोक जितकं रुंद तितकी टेकण्याची शक्यता जास्त. इतकं साधं गणित एकाही प्रशिक्षकाला सुचू नये, याचा मला संतापच आला. इंटरनेटवर पाहिलं, तर रुंद पात्यांच्या टोकांना चक्क वेगळं नाव निघालं: ब्रॉडहेड. दोन पात्यांची, तीन पात्यांची, आणि आधी मिटलेली असून लागल्यावर उघडणारी. मी वजन, रुंदी आणि धारेचा तक्ता केला. मिटलेली तेवढी बाद केली. आयत्या वेळी उघडली नाहीत तर जबाबदार कोण?

शेवटचा निर्णय गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचून घेतला. सगळे एकच सांगत होते. ‘टर्कीसाठी याहून चांगलं नाही.’ ‘पहिल्याच बाणात टर्की आडवी.’ आता तुर्कस्तानचे तिरंदाज किती तगडे, हे सईनेच मला सांगितलं होतं. अशा संघाला आडवं करणारं टोक असल्यावर नाशिक जिल्ह्याची काय कथा? मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मला टर्की म्हटलं की टॉवेलच आठवतो.” अशा लोकांबरोबर संसार करायचा म्हणजे.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी सईच्या नकळत जुनी टोकं काढून नवी बसवली. तिला सुखद धक्का द्यायचा होता. सकाळी आम्ही तिघं निघालो, तेव्हा बॅगही मीच उचलली.

मैदानावर आधी सामानाची तपासणी होती. टेबलामागे निफाडकडच्या एक पंच बाई बसल्या होत्या. त्यांनी बाण बाहेर ओढला, आणि चहाचा कप खाली ठेवला.

“हे कुणी लावलं?”

सई पांढरी पडली. मी अभिमानाने पुढे झालो.

“काका, याने समोरचं टारगेट चिरून निघंल. बाण उपसताना पोरीची बोटं जातील. हे चालत नाय.”

मी तक्ता काढला. एकेक आकडा समजावून सांगितला. त्यांची मान हलेना, तेव्हा हुकमाचं पान टाकलं. “बाई, याच्यापुढे टर्कीसुद्धा टिकत नाही.”

“टिकंल कशी? कोंबडी हाय ती.”

मग मागच्या पालकांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला समजावलं. तिकडे रानात ही थोराड कोंबडी असते, लोक धनुष्याने तिची शिकार करतात, आणि ही पाती त्यासाठीच असतात. कोंबडीला देशाचं नाव का, असं मी विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. पोरीचा नंबर लागायच्या आत साधी टोकं लावा, नाहीतर नाव कापावं लागंल, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

“बाबा, जुनी कुठायत?” सईने माझ्याकडे न बघता विचारलं.

जुनी घरी, कपाटाच्या खणात, ‘कालबाह्य’ असं लेबल लावलेल्या पुडीत ठेवली होती. आता घरी जाऊन येणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात बायकोने पर्स उघडली आणि तीच पुडी, माझ्या अक्षरातल्या लेबलसकट, सईच्या हातात ठेवली.

“तुम्ही लेबल लावलंत तेव्हाच उचलली,” ती म्हणाली.

सईची निवड झाली. शेवटचा बाण रेषेवर होता. पंच बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि टेकलाय म्हणून वरचा गुण दिला. म्हणजे माझा सिद्धांत शंभर टक्के बरोबर होता! पण हे ऐकायला कोणी तयार नाही. मैदानावर सगळे मला टर्कीकाका म्हणतात. दुकानदार माल परत घेत नाही. आणि परवा बायकोने त्यातलं एक टोक मोडक्या बाणाला लावून लाल भोपळा फोडायला घेतला. धारेचा आकडा सांगावा म्हणून मी काळजीने जवळ गेलो.

“अहो, लांब उभे राहा,” ती म्हणाली. “टर्कीसाठी याहून चांगलं नाही, तुम्हीच वाचून दाखवलंत ना?”