विहीणबाईंशी बोलायचं होतं

पहिलं बाळंतपण माहेरी, एवढं एकच मी पक्कं धरून बसले होते. बाकी सगळं पोरीनं आपल्या मनानं केलं. पुण्याच्या कंपनीनं चीनला धाडली, गेली. तिथल्याच पोराशी लग्न केलं, तेही मी गिळलं. जावई गुणाचा निघाला, खोटं कशाला बोलू. पण दिवस राहिल्यावर तिथल्या डॉक्टरणीनं विमानात बसायचं नाही म्हणून बजावलं, आणि इकडं आमच्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे ती येणार नाही, मी जाणार नाही, आणि माझ्या लेकीचं बाळंतपण तिची सासू करणार. सासू! माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. आमच्या इस्लामपूरच्या एवढ्याशा अंगणात इतक्या येरझाऱ्या घातल्या की हे कॉटवरून म्हणाले, "अगं, तुज्याकडं बघून मला चक्कर याय लागली. बस की जरा."

बाई वाईट नव्हती. व्हिडिओवर दिसायची, गोल चेहऱ्याची, बॉयकट केलेली. मला बघून हात हलवायची. मीही हलवायचे. एसटी सुटताना माणसं करतात तसं आमचं चाललेलं, आणि मधे पोर दोन्हीकडचं बोलून दमायची.

माझी भीती निराळीच होती. माझी लेक दुखलं तर सांगत नाही. शाळेत असताना सायकलवरून पडली, मनगट मोडलं, तर गुपचूप डाव्या हातानं जेवून झोपली. सकाळी हात टम्म सुजला तेव्हा मला कळलं. अशी पोर कळा आल्या तरी ओठ दाबून पडून राहणार, आणि त्या बाईला वाटणार, सगळं ठीक आहे. हे तिला सांगायला पाहिजे होतं, आणि पोरीच्याच तोंडून कसं सांगायचं? "आई, काहीतरीच तुझं," म्हणून तिनं ते मधल्या मधे खाल्लं असतं. म्हणून म्हटलं, आपणच चिनी शिकायचं.

मोबाईलवरच्या चिनी शिकवणीतली बाई एक वाक्य म्हणायची, की भाकरी थापता थापता मी म्हणायचे. जेवलात का, थंडी वाजतेय का, गरम पाणी प्या. सूर वर न्यायचा म्हटलं की माझी मानच वर जायची. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काकी, चायनीजची गाडी टाकताय व्हय बसस्टँडवर?" हे तर फौजेत चीनच्या सीमेवर राहून आलेले. "माझी उभी नोकरी तिकडं गेली," म्हणाले, "आणि चिनी शिकतीयास तू." हसा म्हटलं, हसायला काय जातंय तुमचं. माझं तोंड मात्र थांबत नव्हतं. गिरणीत, दवाखान्याच्या बाकावर, देवापुढं दिवा लावतानासुद्धा पुटपुटायचे.

थोडं जमायला लागल्यावर मला घाई झाली, आणि घाईत मी घोळ घातला. आपल्याकडं मुलीची आई विहिणीशी बोलायला लागली की आधी हात जोडते. पोरीचं काही चुकलंमाकलं तर पदरात घ्या, लेक समजून सांभाळा. चुकलं असो नसो, म्हणायचंच. माझ्या आईनं माझ्या सासूला म्हटलं होतं, तिच्या आईनं तिच्या. मी म्हटलं, आधी हे म्हणावं, मग मुद्द्यावर यावं. मोबाईलला विचारून वाक्य पाठ केलं, आणि पोर आंघोळीला गेलीय असं बघून विहीणबाईंना म्हणून दाखवलं. माझ्या मुलीला काही कळत नाही, तिच्याकडून चूक झाली, माफ करा.

बाईंचा चेहरा उतरला. काहीतरी भराभर बोलल्या, मला एक अक्षर कळलं नाही, आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी पोर नुसती फणफणत होती. "आई, काय बोललीस तू? तिला वाटतंय, ती मला रागावते अशी चहाडी मी तुझ्याजवळ केली. माझं काय चुकलं, काय चुकलं, म्हणून मला सारखी विचारतीय. रात्री जेवली नाही ती."

मी कपाळावर हात मारून घेतला. तिकडं चूक झाल्याशिवाय कुणी माफी मागत नसावं, हे मला कोण सांगणार? पोरीनं समजूत घातली, बाई पुन्हा हसायला लागल्या, पण माझा धीर गेला. मोबाईल कपाटात टाकला. आणि टाकल्यावर तर जास्तच जीव उडाला, कारण दिवस भरत आलेले आणि सांगायचं होतं ते तसंच राहिलेलं. मग पुन्हा काढला. ह्या वेळी हात जोडायचे नाहीत म्हटलं. थेट बोलायचं. तीन छोटी वाक्यं, पोरासोरांना येतील अशी.

दुपारी ह्यांना गोळी देत होते तेव्हा फोन आला. विहीणबाई एकट्याच, मागं दवाखान्याची पांढरी भिंत. पोर आत, जावई आत. मधे बोलायला कुणी नाही. शिकलेलं सगळं पार धुऊन गेल्यासारखं झालं, पण ती तीन वाक्यं राहिली होती. म्हटलं, "ता थंग. पू श्वो. नी वन." तिला दुखतं. सांगत नाही. तुम्ही विचारा.

बाईंनी फोन तोंडाजवळ घेतला. मग लहान मुलाला सांगावं तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. मला सगळं कळलं. ती सांगते, म्हणाल्या. दुखतंय सांगते, माझा हात धरते, रडते. मला सगळं सांगते.

मी मान हलवली. त्यांनीही हलवली, आणि आतून कुणी हाक मारली म्हणून गेल्या.

"काय म्हणत्यात?" ह्यांनी विचारलं.

"पोर दुखतंय म्हणून सांगतीय त्यास्नी. रडतीय त्यांच्याजवळ."

"मग बरंच हाय की. तुला हेच पायजे हुतं."

"व्हय, हेच पायजे हुतं," मी म्हणाले, आणि मला हुंदका आवरेना. "पर मला कदी न्हाई हो सांगितलं तिनं."