झिजलेली अन्नपूर्णा

देव घासायला मी चालते. चिंच भिजवायला, तिच्यात मीठ घालायला, मोरीत पाट टाकून बसायला मी चालते. तेच देव लख्ख होऊन देवघरात गेले आणि त्यांना कुंकू लावायची वेळ आली, की मी चालत नाही. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, आणि इतकी वर्षं आमच्या घरात हा कारभार असाच चालला. तो मीही मुकाट्यानं चालू दिला, म्हणून सगळ्यात जास्त राग मला माझाच येतो.

मेहरूणला आमचं दोन खोल्यांचं घर. देवघरात फार गर्दी नाही. एक रांगता बाळकृष्ण, एक घंटा आणि माझ्या आईची अन्नपूर्णा. पितळेची, बोटभर उंचीची, मांडी घालून बसलेली, हातात आडवी पळी धरलेली. मुलगी सासरी निघाली की आईनं तिला अन्नपूर्णा द्यायची, अशी आमच्यात रीत. ती वाटीभर तांदळात बसवायची, म्हणजे घरातलं धान्य सरत नाही म्हणतात. माझ्या लग्नात आईनं नवी न घेता स्वतःचीच दिली. पारोळ्याच्या बाजारात मनासारखी मिळाली नाही, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे नवी घ्यायला पैसे नव्हते, ते मला ठाऊक होतं. तिनं स्वतःच्या वाटीत एक सुपारी ठेवली आणि शेवटपर्यंत त्या सुपारीचीच पूजा केली.

घासायचं कसं, तेही आईनंच शिकवलं. तारेची घासणी देवाला लावायची नाही. चिंचेच्या कोळानं अंग चोळायचं, पळीच्या खाचेत अडकलेलं कुंकू काडीला कापूस गुंडाळून काढायचं. तोंडावरून फक्त अंगठा फिरवायचा, तोही बाळाचं तोंड पुसतो तसा. मग लगेच जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडं करायचं, कारण आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पितळेवर बसले की आठवडाभर निघत नाहीत. मूर्ती तळातून पोकळ असते. तिथं ओल राहिली तर आतून हिरवं चढतं, म्हणून थोडा वेळ उपडी ठेवायची. एवढं जपूनही आधी आईचा आणि मग माझा अंगठा फिरून फिरून देवीचं नाक गेलं, डोळे गेले. आता तोंडाच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा आहे.

यजमान नरडाण्याला कामाला होते. ते गेल्यावर मी डबे सुरू केले. कॉलेजची पोरं जेवतात माझ्याकडे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी, थंडीत भरीत. हात कोपरापर्यंत पिठात असतात. पण शुक्रवारी देव घासून झाले की मी लेकीला हाक मारायची, आणि ती शाळेच्या गणवेशात धावत येऊन अन्नपूर्णेला कुंकवाचं बोट टेकवून पळायची. मी दाराशी उभी राहून बघायची. नेमाची बाई होते ना मी, अगदी शहाणी.

लेकीचं लग्न धुळ्याच्या मुलाशी ठरलं, कार्य आमच्याकडेच होतं. चार दिवस आधी माझ्या मोठ्या जाऊबाई धुळ्याहून आल्या. मी त्यांना अक्का म्हणते. बाई वाईट नाही, हे आधी सांगते. आमच्या पडत्या काळात महिनाभर माझ्या घरी राहून चूल त्यांनीच सांभाळली होती. लेकीचं कन्यादान अक्का आणि भाऊजी करणार होते, आणि त्याला माझी ना नव्हती. चहा झाल्यावर अक्कांनी पिशवीतून एक डबी काढली. आत नवी कोरी अन्नपूर्णा, सोन्यासारखी पिवळीधमक.

"नवी लई उनू मी," अक्का म्हणाल्या. "गौरीहरपाशी मी दिसू पोरले. तू तठे नको येजो माय." म्हणजे पोरीला अन्नपूर्णा त्या देणार, आणि मी तिथं यायचंही नाही.

"आणि माझी?"

"ती घसाई जायेल शे. नाक नही, डोया नही, आशी मूर्ती कोन देस? तापीमा सोडी दे."

मी उठले, देवघरातून माझी अन्नपूर्णा आणली आणि त्यांच्या नव्या मूर्तीशेजारी ठेवली. म्हटलं, "अक्का, तुटलेली असती तर मी स्वतः तापीवर गेले असते. ही तुटलेली नाही, झिजलेली आहे. दोन बायांनी जन्मभर हात फिरवलाय तिच्यावर. नवीचं नाक आहे, पण तिला अजून कुणी हात लावलाय का?"

अक्कांनी मूर्तीचा विषय सोडला आणि खरं ते बोलल्या. लग्नाला आलेले बठ्ठा लोक काय म्हणतील, हे तर होतंच. पण मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, उद्या पोरीच्या संसाराला काही झालं, तर तू स्वतःला माफ करशील का?

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. लेक एकच आहे मला. अकरा वर्षं मी याच भीतीनं कुंकवाच्या करंड्यापासून लांब राहिले होते. पण भीतीच्या मागोमाग संताप आला. मी म्हटलं, "अक्का, नीट बघा हिच्याकडे. शेजारी नवरा बसलाय का हिच्या? एकटी बसलीय, हातात पळी घेऊन. हिला कुणी विचारत नाही तुझं कपाळ कसं म्हणून. माझ्याही हातात सकाळपासून पळीच असते. मग माझाच हात बाटला कसा?"

अक्कांनी नवी मूर्ती डबीत ठेवली. डबी पिशवीत घालून त्या संध्याकाळच्या गाडीनं धुळ्याला गेल्या. मी लेकीला यातलं काही सांगितलं नाही. तिला पेचात टाकायचं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी मी अन्नपूर्णा घासली, कोरडी केली आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. कार्यालयात गौरीहराच्या खोलीत पिवळं नेसून लेक पाटावर बसली होती. समोर चौरंग, तांदळाची वाटी, आणि वाटीत अक्कांची नवी मूर्ती. भोवती अक्का धरून सगळ्या सवाष्णी. मी दारात आले. एकीनं मला वाट द्यायची सोडून उंबऱ्यातच ठाण मांडलं. मी तिला सांगितलं, "सरका, मला आत जायचंय." सरकली बिचारी.

मी चौरंगापुढे बसले. नवी मूर्ती दोन्ही हातांनी उचलून अक्कांच्या ओंजळीत दिली. पूजेला मांडलेली होती ती, तिचा अपमान मला करायचा नव्हता. मग रुमाल सोडला आणि आईची अन्नपूर्णा तांदळात बसवली. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं, असं नसतं करत." मी मागे वळले नाही. करंडा उघडला. बोट कुंकवात बुडवलं आणि देवीच्या त्या गुळगुळीत कपाळावर टेकवलं. अर्धं कुंकू तांदळात सांडलं.

अक्का उठतील, माझा हात धरतील, असं वाटलं होतं. त्या बसून राहिल्या. नवी मूर्ती त्यांनी पदरात धरली होती आणि त्यांचे डोळे भरले होते. रागानं की कशानं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मी वाटी उचलून लेकीच्या ओटीत ठेवली. झालं, आता उठावं, म्हणून हात पुसायला लागले. तेवढ्यात लेकीनं माझं मनगट धरलं. मुंडावळ्या एका हातानं बाजूला केल्या आणि सगळ्या बायकांच्या देखत कपाळ माझ्यापुढे वाकवलं.

"आई, आता मला लाव," ती म्हणाली.

मी लावलं.