अक्कांच्या वाट्याची पोळी

मेहरूणमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी सेगुलाबाई तळकर राहायच्या. रेल्वेतल्या गार्डाची विधवा, तोंडानं फटकळ आणि साऱ्या गल्लीची अक्का. आमच्या गावात ज्यूंचं तेवढं एकच घर. त्यांच्या वल्हांडण सणाला आठ दिवस खमीर चढलेलं काही चालत नाही. सणाच्या बिनखमिराच्या पोळ्या मुंबईहून मागवणं ज्यांना झेपत नव्हतं अशी दोन घरं अक्कांनी अंगावर घेतली होती. एक भुसावळचा नजर गेलेला हाईम, दुसरी धुळ्याची दिनाबाई, शिवणकामावर चार लेकरं पोसणारी.

गहू अक्का स्वतः निवडायच्या, घरच्या जात्यावर दळायच्या. पिठाला पाणी लागलं की हात थांबवायचा नाही. मळलं, लाटलं, तव्यावर टाकलं. कणीक पडून राहिली की ती सणाला बाद. मध्येच कुणी दारात गप्पा मारायला आलं तर अक्का अशा खेकसायच्या की माणूस आल्या पावली परत फिरायचा.

एक्क्याण्णव साली फाल्गुनात मोरीत घसरून त्यांचं मनगट मोडलं. पीठ तेवढं आधीच दळून ठेवलेलं होतं. मोठा डबा त्या दोन घरांचा, लहान त्यांचा स्वतःचा. शेजारची मंदाबाई आपणहून मदतीला आली. लग्नकार्यात मांडे करावेत ते तिनंच.

"उद्या ये आणि माझ्यासमोर मळ," अक्कांनी बजावलं. पीठ चाळून आणते म्हणून मंदाबाई मोठा डबा घरी घेऊन गेली.

सकाळी आली ती भिजवलेल्या कणकेची परात घेऊनच. मांड्यांची कणीक मुरली नाही तर मांडा फाटतो. तिच्या हातांना तेच ठाऊक.

"अक्का, पहाटलेच भिजाडी ठेवी. बठ्ठी मुरी गयी. पोया अश्या मऊ व्हतीन!"

अक्का परातीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सण लागणार होता आणि निवडलेला गहू उरला नव्हता. आता चांगल्या झापतील असं आम्हाला वाटलं, पण त्यांचा आवाज चढला नाही.

"मंदा, मुरली म्हणजेच बिघडली गं. ही नाही चालत आम्हाला."

मंदाबाईचा चेहरा उतरला. "आते त्या लेकरेसनं कसं?"

अक्कांनी लहान डबा पुढे सरकवला. "बस इथं. हात थांबवू नकोस."

मंदाबाई रडत होती आणि लाटत होती. पोळ्या पातळ झाल्या, पण दोन्ही घरांपुरत्या झाल्या. तिच्या नवऱ्यानं, गुलाबनं, त्याच दुपारी भुसावळ गाठलं आणि दुसऱ्या सकाळच्या एस.टी.नं धुळं.

सण लागला त्या संध्याकाळी मंदाबाई अक्कांकडे डोकावली. पांढरं फडकं अंथरलेलं, खजुराचा पाक, अंडी, कडू पाला, सगळं मांडलेलं होतं. मधलं ताट रिकामं.

"अक्का, तुमनी पोई कोठे शे?"

"धुळ्याला गेली."

मंदाबाई उंबऱ्यावरच बसली. अक्कांनी ते आठ दिवस भातावर काढले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा सण पोळीवाचून गेला.

पुढच्या वर्षी सणाआधीच अक्का गेल्या. चैत्रात मंदाबाईनं त्यांचं जातं आपल्या घरी आणलं, गहू दळला, आणि दोन्ही घरांच्या पोळ्या एका बैठकीत, मान वर न करता केल्या. डबे गुलाबच्या हाती दिले. एक पोळी मात्र तिनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि अक्कांच्या कुलूप लागलेल्या दाराजवळच्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

"या साल अक्काले कमी पडाले नको," ती म्हणाली.