स्टीयरिंगवर बसणारी

"हाथ दिखा," वर्कशॉपचे उस्ताद म्हणाले.

मी दाखवले. शाळेत नखं तपासायचे तेव्हा दाखवत असू तसे, पालथे. उस्तादांनी माझी बोटं धरून हात उताणे केले आणि समोर उभ्या असलेल्या बाईंकडे वळवले.

"देखिए मैडम, कितने साफ हैं. इसीलिए इसको स्टीयरिंग पे बिठाते हैं. और ये हमको बता रही है कि गाड़ी में खराबी क्या है."

सगळे हसले. डेंटिंगवाला हातोडी थांबवून हसला. बाई हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. पर्सची चेन उघडून आत काहीतरी शोधत राहिल्या.

मी एकच वाक्य बोलले होते. "सर, पंप नहीं लग रहा, नीचे जॉइंट अटक रहा है." ते वाक्य मी मनात चार वेळा म्हणून पाहिलं होतं. तोंडातून निघालं तेव्हा शेवटचा शब्द मलाच नीट ऐकू आला नाही.

ऋषभ बोनेटपाशी चिंधीला हात पुसत उभा होता. मी त्याच्या हातांकडे बघितलं. काळे, नखांच्या कडांत मुरलेलं तेल, अंगठ्यावर जुना कापल्याचा वण. ते हात मला हवे होते. अपमान झाला होता माझा, आणि मला त्या क्षणी राग येण्याऐवजी हेवा वाटला. हे लिहायची लाज वाटते, म्हणून आधीच लिहून टाकते.

ऋषभ आणि मी दुर्गला एकाच पॉलिटेक्निकमध्ये होतो. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा. त्याची जर्नल मी पुरी करून दिलेली आहे. पॉवर स्टीयरिंगची आकृतीसुद्धा, तेल कुठून येतं, कुठे दाबलं जातं, परत कसं जातं, सगळे बाण माझ्या हातचे. वर्कशॉप त्याच्या मामाचं. आम्ही दोघं एकाच दिवशी तिथे लागलो. मामांनी मला इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, आणि ते खूश होऊन म्हणाले, फ्रंट काउंटर के लिए एकदम परफेक्ट. ऋषभला त्यांनी काहीच विचारलं नाही. त्याला निळा एप्रन मिळाला आणि अवजारांची लाल ट्रॉली, सहा खणांची. वरच्या खणावर त्याच्या नावाची पट्टी.

मला मिळाली काचेमागची खुर्ची आणि जॉब कार्डांचा गठ्ठा. मी थँक यू म्हणाले.

बाबा रेल्वेत. नागपूरकडून दुर्गला आले ते इथलेच झाले. मला इंग्रजी शाळेत घातलं, कारण त्यांच्या साहेबांची मुलं तिथे जात. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. तिन्ही भाषांत मी कमी बोलते. शाळेत गाड्यांतून उतरणाऱ्या मुलींमध्ये मी बाबांच्या स्कूटरवरून उतरायचे. तोंड बंद ठेवलं की कुणी हसत नाही, हे मी तिथे पहिल्याच वर्षी शिकले. बाकी धडे विसरले असेन, तो नाही.

काउंटरवरून मला वर्कशॉपमध्ये एकाच कामासाठी बोलवत. स्टीयरिंगमधली हवा काढताना.

जुन्या गाड्यांत पॉवर स्टीयरिंग तेलावर चालतं. तेलात हवा शिरली की गाडी वळताना कण्हते आणि स्टीयरिंग जड होतं. मग पुढची चाकं जॅकवर उचलायची, इंजिन बंद ठेवायचं, तेलाच्या डबीचं झाकण उघडायचं. एकाने आत बसून स्टीयरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं, दुसऱ्याने डबीत बुडबुडे बघायचे. बुडबुडे थांबले की हवा गेली. फिरवायला मी. माझे कपडे स्वच्छ, हात स्वच्छ, सीटला आणि स्टीयरिंगच्या कव्हरला डाग पडत नाही. बघायला ऋषभ. तो डबीत बघून जे सांगेल ते उस्ताद मानत, आणि तेच मी नंतर कार्डावर लिहायचे. टेक्निशियनच्या रकान्यात त्याचं नाव. माझ्याच अक्षरात.

दोन वर्षांत मी किती गाड्यांची स्टीयरिंगं फिरवली असतील, मोजलं नाही. पण हात शिकत होते. तेलाचा दोष असला की जडपणा सगळीकडे सारखा लागतो. शेवटी इंजिन चालू करून फिरवताना पंपाचा पट्टा घसरत असला की झटका येतो आणि सोबत किंचाळी ऐकू येते. आणि बाईंच्या त्या गाडीत तिसरंच काही होतं. एका फेऱ्यात दोनदा अडे. जड, हलकं, जड, हलकं. नेमक्या त्याच दोन जागी. डबीत बघणाऱ्याला ते दिसणं शक्य नव्हतं. ते फक्त तळहाताला कळत होतं.

स्टीयरिंगचा दांडा खाली जाताना वाकतो. वाकतो तिथे एक जॉइंट असतो, आपल्या मनगटासारखा. त्यात गंज बसला की तो एका बाजूला वाकतो, दुसऱ्या बाजूला अडतो. पुस्तकात हे होतं. ऋषभच्या जर्नलमध्येसुद्धा होतं.

हात दाखवायला लावले तो दिवस बाईंची दुसरी खेप होती. पहिल्या वेळी एक पाइप ढिला निघाला, हवा काढली, आवाज गेला. जडपणा राहिला. दुसऱ्या वेळी उस्तादांनी पंप बदलायचं ठरवलं. त्यावर मी ते एक वाक्य बोलले होते.

हसणं संपल्यावर मी प्रसाधनगृहात गेले. वाटेत ऋषभच्या ट्रॉलीवर पडलेला तेलकट बोळा उचलला. दार लावून तो नखांवर घासला, एकेका नखावर, मग तळहातावर. आरशासमोर दोन्ही हात धरले. चांगले दिसत होते. ते माझे नव्हते. बाहेर कुणीतरी नळ सोडला तसे घाईघाईने साबणाने धुतले. पुन्हा स्वच्छ झाले, लगेच.

संध्याकाळी आईला म्हटलं, मला काउंटरवर बसायचं नाही. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "एसीत बसून राहिली तू. बाप तुहा उन्हात रुळावर उभा राह्यला. तुले कायचं दुखून राहिलं?" मला एका मुलाच्या काळ्या नखांचा हेवा वाटतो, हे आईला कसं सांगायचं.

चार दिवसांनी नवा पंप बसला. मला बोलावणं आलं. चल, बैठ.

मी बसले. फिरवायला लागले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आणि ते तिथेच होतं. त्याच दोन जागी, आता आधीपेक्षा जास्त. नव्या पंपाने काहीही बदललं नव्हतं. बोनेटआडून ऋषभचा आवाज आला.

"हवा निकल गई. अब कैसा लग रहा है?"

पहिल्यांदा त्याने मला विचारलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी तेव्हा सांगू शकले असते.

"ठीक है," मी म्हणाले.

खोटं बोलले. भीतीने नाही. मला वाटलं, जाऊ दे ही गाडी अशीच. परत येऊ दे. सगळ्यांसमोर येऊ दे, मामा असताना येऊ दे, म्हणजे त्या ट्रॉलीवरच्या नावाची काय किंमत आहे ते दिसेल. जॉब कार्डावर मी लिहिलं, दोष दूर झाला. खाली त्याचं नाव लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. गाडी फाटकाबाहेर जाताना मला आत कुठेतरी गोड वाटत होतं. स्टीयरिंग कोण धरून बसलंय, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी गाडी परत आली. टो करून. पुढचा बंपर एका बाजूने आत गेलेला. मागून रिक्षातून बाई उतरल्या, उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. वैशाली नगरच्या घरून रिसालीला बहिणीकडे निघाल्या होत्या. वळणावर स्टीयरिंग मध्येच अडलं, जोर लावला तेव्हा एकदम सुटलं आणि गाडी दुभाजकावर चढली. बाई हे सांगत होत्या आणि मी कार्डावर लिहून घेत होते. तक्रारीचा रकाना. माझं पेन चालत होतं.

उस्ताद आले, गाडी पाहिली, म्हणाले रॅक गया है, पूरा रॅक बदलना पड़ेगा. रॅक म्हणजे स्टीयरिंगच्या दांड्याखालची, चाकं वळवणारी दातेरी पट्टी. आणि ऋषभला जॅक आणायला सांगायला गेले.

काउंटरपाशी बाई आणि मी दोघीच उरलो. बाई मराठी बोलतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या छातीवरच्या नावपट्टीवरचं आडनाव वाचलं आणि हळूच विचारलं,

"पोरी, गाडीत तूच बसली होती न?"

"हो काकू."

"मग हाताले नाही समजलं तुह्या?"

मी पेन खाली ठेवलं.

"मी नर्स होती," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं नाडी पाहिली. मशीन मागून लावत, आधी हाताले समजे. मले कोणी हात साफ आहे का मळका, हे नाही विचारलं." मग त्या पट्ट्याच्या हाताकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी तू बोलली होती. मी पर्समध्ये मुंडकं घालून उभी राहिली. माही चूक झाली ते. पण त्याच्यानंतर तू कावून चूप राहिली?"

माझ्या हातांना काही कळतं असं धरून चालणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. आणि भेटलं ते असं, मनगट मोडून घेतल्यावर.

"समजलं होतं," मी म्हणाले. "सांगितलं नाही."

त्यांनी मान हलवली. माफ केलं म्हणून नाही. ऐकलं म्हणून.

तेवढ्यात उस्तादांची हाक आली. गाडी जॅकवर चढली होती. "चल, बैठ."

मी काउंटरचं दार उघडून वर्कशॉपमध्ये गेले. जाताना टेबलावरचा व्हाइटनर उचलला. का उचलला ते तेव्हा ठरवलेलं नव्हतं, पण हाताला माहीत असावं.

"मैं नहीं बैठूँगी," मी म्हणाले. आवाज लहानच होता. "ऋषभ बैठेगा. नीचे मैं जाऊँगी."

"कपड़े खराब होंगे तेरे."

"होने दीजिए."

ऋषभ हसला, उस्तादांकडे बघितलं, मग बाईंकडे. बाई आता पर्समध्ये बघत नव्हत्या. सरळ उस्तादांकडे बघत होत्या. ऋषभ सीटवर बसला. काळ्या हातांनी स्टीयरिंग धरलं, कव्हरवर डाग पडले. कुणी काही म्हणालं नाही.

मी दाराशी गुडघे टेकून पेडलच्या बाजूने आत शिरले. पाठ वाकडी, तोंडावर धूळ. जॉइंटवर बोटं ठेवली आणि म्हटलं, घुमा. तो फिरवत राहिला. जड, हलकं, जड, हलकं. बोटांखाली तो जॉइंट दर अर्ध्या फेऱ्याला दात खाल्ल्यासारखा थरथरत होता. व्हाइटनरने मी दांड्यावर आणि जॉइंटवर एक सरळ रेघ ओढली, परत बसवताना जागा चुकू नये म्हणून. स्टीयरिंग सरळ ठेवून सीटच्या पट्ट्याने बांधायला लावलं. पाना मागितला. ऋषभने क्षणभर थांबून दिला. बोल्ट हलेना. मी दोन्ही पाय फ्रेमला टेकून ओढलं. तिसऱ्यांदा तो सुटला.

जॉइंट वेगळा झाल्यावर खालून रॅकचं टोक हाताने फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. रॅकला काही झालेलं नव्हतं.

मी बाहेर आले आणि उस्तादांना म्हटलं, "सर, हाथ दीजिए."

त्यांनी दिला. का दिला कुणास ठाऊक. मी त्यांच्या तळहातावर तो जॉइंट ठेवला. त्यांनी वाकवला. एका बाजूला वाकला. दुसऱ्या बाजूला वाकेना. त्यांनी जोर लावला, गंजाची भुकटी त्यांच्या बोटांवर पडली. सगळे बघत होते, या वेळी हसलं कुणी नाही.

"जंग है," ते म्हणाले. मग ऋषभकडे वळून, "नया मँगवा ले. लिखवा दे अपने नाम से."

शाबासकी नाही. माफी नाही. लिखवा दे अपने नाम से.

मी काउंटरवर गेले. हात काळे झाले होते, मनगटापर्यंत. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि मला काहीच वाटलं नाही. हाच दोष मला दोन आठवड्यांपूर्वी कळला होता, स्वच्छ हातांनी. या काळ्या रंगाने मला नवीन काही शिकवलं नव्हतं. हात मळके असतील तोच बोलेल, हा नियम त्यांचा होता. मी प्रसाधनगृहात दार लावून तो पाळत होते.

कार्ड पुढे ओढलं. दोष: स्टीयरिंगचा जॉइंट गंजून अडकलेला. रॅक ठीक. पंप बदलायची गरज नव्हती. टेक्निशियनच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मग खाली शेऱ्याची जागा असते, तिथे एक ओळ लिहिली. मागच्या खेपेस हा दोष मला कळला होता, मी सांगितला नाही. सही केली. कागदावर बोटाचा ठसा उमटला, तो तसाच ठेवला. कार्डाची एक प्रत फाडून बाईंच्या हातात दिली.

मामा संध्याकाळी दुसरी प्रत वाचून म्हणाले, ये लाइन काट दे, कस्टमर के हाथ में जाएगा तो केस हो जाएगा. मी म्हटलं, कस्टमरच्या हातात गेलंय. त्यांनी मला उद्यापासून यायचं की नाही ते फोनवर कळवतो म्हणून सांगितलं.

अजून फोन आलेला नाही. ट्रॉली अजून ऋषभची आहे, आणि तिचा हेवा मला अजून वाटतो. तो मी पुसून टाकणार नाही. पण तो पोटात धरून कुणाची गाडी फाटकाबाहेर जाऊ देणार नाही. इथे असो की दुसऱ्या वर्कशॉपमध्ये, माझ्या हाताला जे कळेल ते मी त्याच वेळी बोलेन, सगळ्यांसमोर, आणि कागदावर माझ्या नावाने लिहीन. आणि कुणी म्हणालं हात दाखव, तर दाखवणार नाही.